‘इंजिन एकच आहे’ एवढ्यावर जुने हेड विकत घेऊ नका

प्रश्न : माझ्याकडे २०१४ सालची डिझेल स्विफ्ट डिझायर आहे. मोहोळहून अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर अशा भाविकांच्या फेऱ्या करून माझे घर चालते. गेल्या महिन्यात तुळजापूरच्या घाटात गाडी गरम झाली. गाडीत म्हातारी माणसे होती आणि ऊन रणरणत होते, म्हणून मी ती तशीच वरपर्यंत ओढत नेली. हेड, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह असलेले वरचे झाकण, उघडले तेव्हा दोन व्हॉल्व्हच्या मध्ये तडा निघाला. नवीन हेड मला परवडणारे नाही. सोलापुरात जुन्या मालाच्या एका दुकानात इंडिका व्हिस्टाचे हेड १४,००० रुपयांना मिळत आहे. मिस्त्री म्हणतात, ‘दोन्ही गाड्यांचे इंजिन एकच, डोळे झाकून बसवा.’ दुकानदार ५,००० रुपये इसार मागतो आणि एकदा नेलेला माल परत घेणार नाही असे सांगतो. त्याच्याकडे हाफ इंजिन, म्हणजे सिलिंडर आणि पिस्टन असलेला इंजिनाचा खालचा भागही आहे. मी हेड घ्यावे, हाफ इंजिन घ्यावे की थांबावे?
— एक वाचक, मोहोळ

उत्तर : तुमचे पत्र मी दोनदा वाचले. गाडी उभी असली की हप्ता थांबत नाही आणि ठरलेली गिऱ्हाइके दुसऱ्याची गाडी बघतात, हे मला माहीत आहे, म्हणून ‘नवीनच घ्या’ असा सोपा सल्ला मी देणार नाही. जुने हेड नीट पाहून घेतले तर ते वर्षानुवर्षे चालते. सोलापुरात हेड फेसिंग (हेडाचा पृष्ठभाग घासून सपाट करणे) आणि बोअरिंगच्या (सिलिंडर कातण्याच्या) कामात वीस वर्षांहून अधिक काळ घालवल्यावर हे मी खात्रीने सांगू शकतो. मात्र या लेखात सांगितलेली तपासणी होईपर्यंत इसाराचे ५,००० रुपये खिशातून काढू नका.

तुमचे मिस्त्री खोटे बोलत नाहीत. फियाटने घडवलेले १.३ लिटरचे मल्टिजेट डिझेल इंजिन आपल्याकडे मारुतीने, टाटाने आणि स्वतः फियाटनेही वापरले. कोणी त्याला डीडीआयएस म्हटले, कोणी क्वाड्राजेट. सिलिंडरचा व्यास ६९.६ मि.मी., स्ट्रोक ८२ मि.मी. आणि सिलिंडर चार, म्हणजे १२४८ सीसी हा हिशेब तुमच्या डिझायरलाही लागू पडतो आणि व्हिस्टालाही. परंतु ‘एकच’ या शब्दाचा अर्थ इथपर्यंतच पोहोचतो. याच इंजिनाचे एक रूप ७५ अश्वशक्तीचे, साध्या टर्बोचे आहे, तर दुसरे ९० अश्वशक्तीचे असून त्याचा टर्बो बदलत्या पात्यांचा आहे. एकाचा टर्बो दुसऱ्याच्या जागी बसवून काम भागत नाही. शिवाय प्रत्येक कंपनीने आपापल्या गाडीच्या बॉनेटखाली जागा होती तशी माउंटिंगे, पाण्याच्या नळ्यांची तोंडे, ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह), सेन्सर, वायरिंगचे कपलर आणि कंट्रोल युनिट (इंजिन चालवणारा संगणक) यांची मांडणी केली. बांधा एक, पण अंगावरचे दागिने निराळे, असा हा प्रकार आहे. म्हणून व्हिस्टाचे हेड तुमच्या ब्लॉकवर, म्हणजे सिलिंडर असलेल्या खालच्या भागावर, बसेलही. पण ते बसते की नाही, एवढाच प्रश्न विचारून तुमचे काम होणार नाही.

दुकानात जाण्यापूर्वी मी तुम्हाला आधी तुमच्याच ब्लॉककडे पाठवतो, कारण पत्रात त्याचा उल्लेख कोठेही नाही. तापलेल्या अवस्थेत घाट चढलेल्या इंजिनात फक्त हेडच गेले असेल, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग साफ करून त्यावर सरळपट्टी लांबीने, रुंदीने आणि दोन्ही कर्णांवर आडवी धरावी व तिच्याखाली फिलर गेजचे (फट मोजण्याच्या साधनाचे) पाते जाते का ते पाहावे. क्रँक (पिस्टन वरखाली नेणारा दांडा) हाताने फिरवून चारही सिलिंडरच्या भिंती एकेक करून उजेडात पाहाव्यात; उभे ओरखडे नखाला लागत असतील, तर पिस्टन तापून फुगला होता आणि भिंतीला घासला, असे समजावे. ब्लॉकच खराब असेल, तर त्यावर १४,००० रुपयांचे हेड ठेवणे म्हणजे ढासळत्या भिंतीवर नवा पत्रा घालण्यासारखे होईल, आणि मग हाफ इंजिनाचा विचार करावा लागेल. ब्लॉक ठीक असेल, तर हाफ इंजिन घेऊ नका. त्याची कारणे पुढे येतीलच.

आता हेडाकडे वळू. प्रत्येक हेडावर दोन प्रकारचे आकडे असतात आणि गोंधळ तेथूनच सुरू होतो. ओतकामात उठून आलेला, खडबडीत दिसणारा आकडा हा साच्याचा नंबर असतो. एकाच साच्यातून निघालेल्या हेडांना पुढे मशीनवर वेगवेगळी भोके, वेगवेगळे आटे आणि वेगवेगळे सीट पाडले जाऊ शकतात, त्यामुळे साच्याचा नंबर जुळला म्हणजे पार्ट जुळला असे होत नाही. दुकानदार बहुतेक वेळा हाच उठावाचा नंबर दाखवून ‘बघा, सेम आहे’ म्हणतो. तुम्हाला हवा असतो तो कंपनीच्या पार्ट कॅटलॉगमधला नंबर. तुमच्या गाडीचा चेसिस नंबर घेऊन कंपनीच्या अधिकृत स्पेअर पार्टच्या काउंटरवर जा आणि त्या चेसिसला कोणत्या नंबरचे हेड लागते, तो नंबर पुढे बदलला असेल तर नवा कोणता, हे लिहून आणा. नंबराच्या शेवटचे एखादे अक्षर किंवा आकडा वेगळा असेल, तर ‘तेवढे चालते’ असे कोणी म्हटले तरी मान्य करू नका. बदल लहान असो वा मोठा, तो दाखवण्यासाठीच ते शेवटचे अक्षर बदललेले असते.

सोलापूरकरांनी या ठिकाणी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. एप्रिल २०१० मध्ये भारत स्टेज ४ हे प्रदूषण मानक देशातल्या ज्या मोजक्या शहरांत आधी लागू झाले, त्यांत मुंबई-पुण्याबरोबर सोलापूरही होते. उर्वरित देशात ते एप्रिल २०१७ पर्यंत पोहोचले. त्यामुळे मधल्या सात वर्षांत सोलापुरात नोंदलेली गाडी आणि बाहेरून भंगारात आलेली, त्याच नावाची, त्याच वर्षाची गाडी यांच्या इंजिनावरचे ईजीआर, इंजेक्टर आणि कंट्रोल युनिट वेगळे असण्याची शक्यता असते. आपल्या बाजारात कर्नाटकातून आणि मराठवाड्यातून माल येतो. म्हणून दुकानदाराला केवळ ‘कोणत्या गाडीचे?’ असे न विचारता ‘कोणत्या वर्षाच्या, कोठे नोंदलेल्या गाडीचे?’ असे विचारा आणि तुमच्या आर.सी.वर कोणते मानक लिहिले आहे तेही पाहून ठेवा.

नंबर जुळले की तुमचे तडा गेलेले हेड आणि त्याच्यासोबत निघालेले जुने गॅसकेट (हेड आणि ब्लॉक यांच्यामधला पातळ थर) गोणपाटात गुंडाळून दुकानात घेऊन जा. दोन्ही हेडे जमिनीवर पोते अंथरून शेजारी शेजारी उलटी ठेवा. मग तुमचे गॅसकेट दुकानातल्या हेडावर, बरोबर डॉवेलच्या (जागा पक्की करणाऱ्या खुंट्यांच्या) भोकांवर बसेल असे अंथरा. ते गॅसकेट म्हणजे तुमच्या ब्लॉकचा छापच असतो. चारही सिलिंडरभोवती काजळीने उमटलेली काळी वर्तुळे हेडाच्या ज्वलनाच्या जागेशी जुळली पाहिजेत. पाण्याचे प्रत्येक भोक, तेल वर नेणारे ते एक बारीक भोक आणि तेल खाली परतण्याच्या वाटा गॅसकेटमधून मोकळ्या दिसल्या पाहिजेत. एखादे पाण्याचे भोक अर्धे झाकले जात असेल, तर इंजिन त्याच दिवशी सुरू होईल, गावात चालेलही, आणि पुढच्या चैत्रात पुन्हा त्याच घाटात उकळेल. तेलाचे भोक झाकले गेले, तर वरच्या कॅमशाफ्टला (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याला) तेलच मिळणार नाही. ही तपासणी दहा मिनिटांची आहे. ती करू न देणाऱ्या दुकानातून काहीही घेऊ नये.

यानंतर बाजूच्या तोंडांकडे पाहा : दोन्ही मॅनिफोल्डच्या स्टडमधली अंतरे, थर्मोस्टॅटचे घर बसण्याची जागा, तापमानाच्या सेन्सरचा आटा, उचलण्याचे कडे आणि माउंटिंगची भोके. ग्लो प्लगच्या (थंड इंजिन सुरू करताना तापणाऱ्या कांड्यांच्या) चारही जागांत टॉर्च मारा; भंगारात इंजिन सोडवताना गंजलेला ग्लो प्लग अर्ध्यात तुटून आतच राहणे नेहमीचे आहे आणि तो तुकडा काढताना आटा गेला, तर हेडाची निम्मी किंमत दुरुस्तीतच जाते.

जुन्या हेडाचा खरा प्रश्न मात्र त्याच्या पूर्वायुष्याचा असतो, आणि येथे मी माझीच एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका पिकअपसाठी मी स्वतः जुने डिझेल हेड निवडून दिले होते. पृष्ठभाग आरशासारखा होता, सरळपट्टीखाली पाते जात नव्हते, हवेच्या दाबावर बुडबुडा आला नाही. मी समाधानाने ते बसवू दिले. सुरू करताच इंजिनातून टकटक ऐकू आली. हेड पुन्हा उतरवले, तेव्हा पिस्टनच्या माथ्यावर नखाच्या कोरीसारखे अर्धचंद्र उमटलेले होते. व्हॉल्व्ह पिस्टनला टेकत होते. ते हेड माझ्याकडे येण्यापूर्वीच कोणीतरी दोनदा फेस केले होते, त्याची उंची कमी झाली होती, आणि मी सपाटी पाहिली पण उंची मोजली नाही. त्या गाडीवाल्याचे आठ दिवस माझ्यामुळे बुडाले, याची टोचणी मला आजही आहे. म्हणून चकाकणारा पृष्ठभाग दिसला की खूश होण्याऐवजी सावध व्हा आणि विचारा की हे हेड फेस का करावे लागले.

उंची मोजण्यासाठी व्हर्नियर लागेल. हेडाची जाडी दोन्ही टोकांना आणि मध्ये मोजा, मॅन्युअलमधल्या मापाशी ताडून पाहा, आणि व्हॉल्व्ह हेडाच्या पृष्ठभागापासून किती आत बसले आहेत ते डेप्थ गेजने किंवा डायलने तपासा. अॅल्युमिनियमच्या काही डिझेल हेडांना कंपनी फेसिंगची परवानगीच देत नाही. तुमच्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये जे लिहिले असेल तेच प्रमाण माना, मिस्त्रीचा अंदाज किंवा माझाही अंदाज नको. सपाटीसाठी लहान गाडीच्या हेडाला साधारण ०.०५ मि.मी.चे पाते सरळपट्टीखाली जाऊ लागले की मी हेड बाजूला काढतो. तड्यासाठी केवळ डोळ्यांवर विसंबू नका, कारण तुमच्या हेडाला गेला तसा दोन व्हॉल्व्ह सीटच्या मधला तडा थंड धातूत केसाएवढाही दिसत नाही. पाण्याची सगळी तोंडे बंद करून, हेड गरम पाण्याच्या टाकीत बुडवून आत हवेचा दाब द्यायचा आणि बुडबुडे येतात का ते पाहायचे, ही चाचणी आपल्या शहरातल्या चांगल्या बोअरिंगवाल्याकडे होते. इसार द्यायचाच असेल, तर तो ‘प्रेशर टेस्टमध्ये हेड नापास झाले तर पूर्ण परत’ या एका ओळीसह, पावतीवर लिहून घेऊन द्या. ‘माल परत नाही’ म्हणणारे बरेच दुकानदार एवढी अट मान्य करतात. न करणाऱ्याला त्या हेडाबद्दल बहुधा काहीतरी माहीत असते.

गॅसकेटबद्दल एक नाजूक गोष्ट आहे आणि तिथे चांगले मिस्त्रीही चुकतात. अनेक डिझेल इंजिनांना एकाच गॅसकेटच्या दोन-तीन जाड्या येतात आणि ती जाडी कडेला असलेल्या खाचांवरून किंवा भोकांवरून ओळखतात. कोणती जाडी लावायची हे हेड ठरवत नाही. पिस्टन वर आल्यावर ब्लॉकच्या पृष्ठभागाच्या किती वर डोकावतो, त्यावरून ती ठरते. म्हणजे ही निवड तुमच्या ब्लॉकची असते. हेडासोबत दुकानदाराने आपुलकीने दिलेले गॅसकेट लावू नका. तुमच्या जुन्या गॅसकेटवरच्या खुणा मोजा, चारही पिस्टनचा उठाव डायलने तपासा आणि मगच त्या दर्जाचे नवीन गॅसकेट आणा. हेडाचे बोल्टही नवीनच घ्या, कारण कोनात कसले जाणारे बोल्ट एकदा ताणले गेले की त्यांची पकड पूर्वीसारखी राहत नाही.

कॅमशाफ्टविषयी सोलापूरकराला वेगळे सांगावे लागू नये; जगभरातल्या मोटार कंपन्यांना कॅमशाफ्ट पुरवणारी प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी आपल्याच शहरात १९९२ पासून उभी आहे आणि आपल्या ओळखीपाळखीतली कितीतरी माणसे तेथे काम करून मायक्रॉनची भाषा शिकली आहेत. अशा माणसाला विचाराल, तर तो सांगेल की कॅमचा कठीण थर हा वरवरचा असतो. तो एकदा खरवडला गेला की खालचा मऊ धातू झपाट्याने झिजतो. म्हणून कॅमच्या उंचवट्यावर बोट फिरवून पाहा, खड्डा किंवा पट्टा लागत असेल तर ते कॅमशाफ्ट घेऊ नका. कॅमशाफ्ट ज्या कॅपांत किंवा ज्या घरात फिरते, ते भाग एकत्र बसवून एकाच वेळी बोअर केलेले असतात. त्यामुळे एका हेडाचे कॅप दुसऱ्यावर बसवता येत नाहीत. घ्यायचे तर त्यांच्या जोडीनेच आणि त्याच क्रमाने घ्यायचे. रॉकर आणि टॅपेटही ज्या जागेवरून काढले त्याच जागेवर परत गेले पाहिजेत.

तुमचे इंजेक्टर, टर्बो, सेन्सर आणि ईजीआर शाबूत असतील, तर नव्या हेडावर तेच चढवा. दुकानदार ‘सगळे लावूनच देतो’ म्हणाला तरी मोह टाळा. कॉमन रेल इंजेक्टरच्या डोक्यावर एक सांकेतिक नंबर कोरलेला असतो, आणि तो इंजेक्टर डिझेल नेमके किती कमी-जास्त सोडतो याची ती नोंद असते. इंजेक्टर बदलला की हा नंबर स्कॅनरने कंट्रोल युनिटला कळवावा लागतो, नाहीतर गाडी धूर करते, आयडलला थरथरते आणि मिस्त्री विनाकारण पुन्हा हेडाला दोष देतो. तुमचेच इंजेक्टर परत बसवतानाही कोणता कोणत्या सिलिंडरचा होता, ते उतरवताना खडूने लिहून ठेवायला सांगा आणि खालचे तांब्याचे वॉशर नवीन घाला. टायमिंग चेनचे काम यानिमित्ताने उघडलेच आहे, तर चेन, टेन्शनर आणि गाइड जुने लावू नका. या इंजिनात चेनने एक दात सोडला, तर आत्ता घेतलेल्या हेडाचे व्हॉल्व्ह वाकू शकतात.

हाफ इंजिनाचे उत्तर मी वर राखून ठेवले होते. ब्लॉक बदलला की इंजिन नंबर बदलतो, कारण तो ब्लॉकवरच कोरलेला असतो. तुमची गाडी प्रवासी परवान्यावर आहे. फिटनेसच्या वेळी आर.सी.वरचा नंबर आणि ब्लॉकवरचा नंबर जुळला नाही, तर गाडी तेथेच अडकते आणि अपघात झाल्यास विम्याच्या दाव्यातही तोच प्रश्न उभा राहतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत नोंदणीशी न जुळणारा बदल परस्पर करता येत नाही, म्हणून ब्लॉक बदलणे अटळच झाले, तर आधी एमएच-१३ च्या, म्हणजे सोलापूर आरटीओच्या, कार्यालयात जाऊन परवानगी आणि नवीन नंबराच्या नोंदीची पद्धत विचारा, आणि मगच पैसे द्या. विकणाऱ्याकडून ज्या गाडीतून इंजिन निघाले तिची कागदपत्रे व इंजिन नंबर लिहिलेले बिल घ्या. नंबर घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला दिसला, तर स्वस्त मिळते म्हणून हात लावू नका, चोरीचा माल तुमच्या गाडीत सापडला तर उत्तर तुम्हाला द्यावे लागते. यांत्रिक बाजूही सोपी नाही : क्रँक पूर्वी ग्राइंड झाली असेल तर बेअरिंगे ०.२५ किंवा ०.५० मि.मी. अंडरसाइज असतील, पिस्टन ओव्हरसाइज असतील, आणि क्रँकच्या गतीचा सेन्सर ज्या दातेरी चक्रावरून वाचतो त्याचे दात तुमच्या कंट्रोल युनिटला अपेक्षित तसे नसतील, तर इंजिन नुसते फिरत राहील, पेट घेणार नाही.

म्हणून ब्लॉक सपाट आणि भिंती स्वच्छ निघाल्या, तर वरील तपासणी करून हेडच घ्या. व्हिस्टाचे आहे म्हणून नाकारू नका आणि व्हिस्टाचे आहे म्हणून स्वीकारूही नका. त्याच बाजारात डिझायरचे किंवा स्विफ्टचे हेड थोडे जास्त पैसे देऊन मिळत असेल, तर माझे मत त्याच्याच बाजूचे आहे, कारण बाहेरची तोंडे जुळवण्यात जाणारे दोन दिवसही तुमच्या कमाईचेच आहेत.

हेड बसवण्यापूर्वी गाडी गरम का झाली, हे शोधायला मिस्त्रींना सांगा. आपल्याकडे रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी ओतायची सवय आहे. त्या क्षाराची पांढरी खपली नळ्यांत बसते आणि मे महिन्यात रेडिएटर निकामी होतो. रेडिएटर उघडून साफ करून घ्या, थर्मोस्टॅट नवीन घाला, पंखा ठरलेल्या तापमानाला सुरू होतो का ते पाहा, आणि पुढे कूलंट डिस्टिल्ड पाण्यातच मिसळा.

आज संध्याकाळी एकच काम करा : मिस्त्रींना फोन लावा आणि जुने गॅसकेट त्यांनी फेकले तर नाही ना, ते विचारा. फेकले असेल, तर गॅरेजमागच्या ढिगातून ते शोधून, पुसून, सपाट फळीवर ठेवायला सांगा.